कावळ्यासाठी ठेवलेलं पान

१८ सप्टेंबर १९८६, गुरुवार. मुलुंड. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. रिटायर झाल्या दिवशीच सुरू करायचं ठरलं होतं, त्याला सहा महिने झाले. पण मधे मालनचं वर्षश्राद्ध, मग गणपती. वेळ कुठे होता. तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक विभाग सांभाळलाय. माझ्याकडून नोंद राहत नाही.

नोंद: परवा शनिवारी कॅनडाला प्रयाण. तिकीट अनुपमाने पाठवलं. मी मागितलं नव्हतं. आता आलंच आहे तर वाया घालवणं बरोबर नाही, एवढ्याचसाठी जातोय.

अनुपमा माझी मुलगी. एकुलती एक. चार वर्षांपूर्वी तिने गोराईच्या ऑस्वल्डशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा मी तिला सांगितलं की या घराची पायरी चढू नकोस. चढली नाही. पुढे दोघं कॅनडाला गेली. मालन, म्हणजे माझी बायको, तिला माझ्या चोरून पत्रं लिहायची. मला माहीत होतं. मी कधी पकडलं नाही, हा माझा मोठेपणा.

मालन गेल्या वर्षी जुलैत गेली. अनूला तार माझ्या मेहुण्याने, मधुकरने केली. तिची उलट तार आली, येऊ का. मी उत्तर दिलं नाही. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि तार ऑफिस लांब आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मधुकर आला होता. मालनचा धाकटा भाऊ, घाटकोपरला असतो. बॅग भरायला मदत करतो म्हणाला आणि बॅगेवरच बसून राहिला. पुन्हा तेच. दहाव्याचं.

एकदा नोंद करून टाकतो, म्हणजे विषय फायनल. दहाव्याला पिंड ठेवला, कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसले होते, ढिम्म हलेनात. सव्वा तास झाला. गुरुजी म्हणाले, बाईंची काहीतरी इच्छा राहिलीय, कुणीतरी शब्द द्या. मधुकर माझ्या कानाशी आला. म्हणाला, भाऊजी, अनूला घरी बोलावतो एवढं म्हणा. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणणारच होतो, पण घसा बसला होता. शेवटी गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. शास्त्रात सोय आहे.

त्या दिवशी मी रडलो नाही. नंतरही नाही. लोक म्हणतात, बधीर झालाय. मी स्थिर आहे.

मधुकरचं म्हणणं, आता समोरासमोर भेटताय तर सांगून या, घरी या म्हणून. दोन शब्द आहेत भाऊजी. मी म्हटलं, सांगतो की, त्यात काय.

ठराव: विमानातून उतरल्या उतरल्या सांगायचं. नंतर फिरायला मोकळा.

२१ सप्टेंबर, रविवार. कॅलगरी. (घड्याळ मुलुंडचंच ठेवलंय. इथलं साडेअकरा तास मागे आहे. आपण का मागे जायचं.)

विमानतळावर सांगितलं नाही. ट्रॉलीचं चाक वाकडं होतं.

अनू बारीक झालीय. केस कापलेत. पाया पडली. मी म्हटलं, थंडी बरीच आहे. ऑस्वल्डही वाकला, तेवढ्यात मी बॅगा मोजायला वळलो. योगायोग. तो तसाच वाकलेला राहिला थोडा वेळ.

तो मराठी बोलतो याची मला कल्पना होती, पण इतकी बोलेल असं वाटलं नव्हतं. गाडीत पूर्ण वेळ बोलत होता. गोराईची मराठी, जरा वेगळी, पण समजते. मला बाबा म्हणतो. यापुढे नोंदीत ऑ. असं लिहीन.

ठराव: उद्या चहाच्या वेळी.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल चहाच्या वेळी ऑ. होता. आज तो नव्हता, पण चहा फिका होता, मूड गेला.

अनूच्या फ्रिजवर मालनचं पत्र लोहचुंबकाने लावलंय. लिंबाच्या लोणच्याची कृती. मी वाचलं नाही. मीठ किती लिहिलंय तेवढं पाहिलं. मालनचा ल नेहमीसारखा आडवा पडलेला.

अनूने विचारलं, बाबा, झोप लागते का. हो म्हटलं. जेवण जातं का. हो म्हटलं. घरात एकटं वाटतं का. म्हटलं, सोसायटीच्या पंपाचं काम निघालंय, त्यात वेळ जातो. मग दोघं पुष्कळ वेळ खिडकीतून बाहेर बघत होतो. बाहेर काही नव्हतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मुलुंडहून आणलेलं पंचांग काढून बसलो होतो. शनिवारी नवमी. अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान याच दिवशी वाढतात. इथे तिथी आपली धरायची की त्यांची, यावर अर्धा तास विचार केला. आपली.

शनिवारीच ऑ. आम्हाला डोंगरावर नेणार आहे. रॉकी पर्वत. म्हणाला, सोपा रस्ता आहे बाबा, दोन तासांचा. मी त्याला सांगितलं की कान्हेरीच्या पायऱ्या मी चपलेत चढलोय.

मला एक प्रॅक्टिकल कल्पना सुचली. पान डोंगरावर ठेवायचं. उंच जागा, हवा स्वच्छ, कावळे मोकळे. मुख्य म्हणजे तिथे माझ्याकडे टक लावून बघणारं कुणी नाही. कावळ्यासमोर शब्द द्यायचा, मोठ्याने. तो शिवला की खाली येऊन अनूला सांगायचं. एकदा तोंडातून निघालं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

अनूला आधी सांगायचं नाही. ती रडणार, मग सगळं लांबतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दोघं कामावर गेल्यावर स्वयंपाकाला लागलो. मालन गेल्यापासून मला वरणभात आणि खीर येते. वडे आज पहिल्यांदा. पीठ मुलुंडहून आणलंच होतं.

तेल तापलं आणि छताला लावलेली एक डबी ओरडायला लागली. थांबेना. खुर्चीवर चढून लाटण्याने प्रहार केला, तेव्हा अर्धी खाली आली आणि लटकत ओरडत राहिली. शेजारची गोरी बाई धावत आली. तिला एक वडा दिला. तिने हातात धरून ठेवला.

संध्याकाळी अनूने वर बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, क्वालिटी बरोबर नाही इथल्या वस्तूंची. ऑ.ने शिडी आणून धूर झाला की वाजणारी ती डबी परत बसवली. घरभर वड्यांचा वास होता.

वडे कडक झालेत. मालनने नाव ठेवलं असतं.

२७ सप्टेंबर, शनिवार. गाडीत

वाटेत ठिकठिकाणी अस्वलाच्या चित्राचे बोर्ड आहेत. अस्वलांना खायला घालू नका, अन्न उघड्यावर ठेवू नका. ऑ.ने दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. नियम मलाही कळतात. बोर्ड अस्वलांबद्दल आहे, कावळ्यांचा कुठेही उल्लेख नाही. शिवाय उघड्यावर ठेवायचं म्हणजे टाकून द्यायचं असं त्यांना म्हणायचंय. मी मांडणार आहे. ऑफिसात असतो तर असा शेरा मारून फाइल पुढे पाठवली असती.

डबे माझ्या खांद्याला लावायच्या एअरबॅगेत. ऑ. म्हणाला, द्या बाबा, मी घेतो. दिली नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळ

लिहायला बसलोय. हात व्यवस्थित आहे.

तासभर चढलो. दम लागला नाही, फक्त तीन वेळा देखावा बघायला थांबलो. एका वळणावर मी अनूला म्हटलं, मला जरा आडोशाला जायचंय, तुम्ही बसा. ती म्हणाली, लांब जाऊ नका, बोलत राहा म्हणजे कळेल कुठे आहात. मी म्हटलं, आडोशाला जाऊन कोण बोलतं.

झाडांच्या मागे एक सपाट दगड सापडला. केळीचं पान नव्हतं, कागदी ताटली होती. त्यावर सगळं रीतसर वाढलं. भात, वरण, त्यावर तूप, दोन वडे, खीर. पाणी फिरवलं. समोरच्या झाडावर एक मोठा काळा पक्षी होता. आपल्या कावळ्याच्या दुप्पट, पण कावळाच म्हणायचा. मी मागे सरकून हात जोडून उभा राहिलो.

तो बसून राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझ्याकडे बघत होता, ताटलीकडे नाही. मला कळत होतं तो कशाला थांबलाय. मी घसा साफ केला. म्हटलं, मालन. एवढं नीट आलं. मग म्हटलं, अनूला. पुढचं येईना. अनूला, अनूला, असं चार वेळा झालं. पक्षी उडाला.

मागून काटक्या मोडल्या. मला वाटलं ऑ. आला. अस्वल होतं.

काळं. लोखंडी कपाट आडवं केलं तर होईल तेवढं. माझ्यापासून आठ-दहा पावलांवर. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ दगडाशी गेलं आणि जेवायला लागलं. आधी खीर. मग तूप-भात. वडे कडाकडा वाजले. सगळं खाल्लं, ताटली चाटली, मग ताटलीही खाल्ली.

मी पळालो नाही, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. एवढं मोठं जनावर समोर, आणि मी विचार करत होतो की वरणात मीठ कमी पडलं. मग असंही मनात आलं की आता ते माझ्याकडे वळलं तरी चालेल. हे लिहायला नको होतं, पण आता लिहिलं.

मी हाक मारली नाही म्हणून अनू शोधत आली. तिचा आवाज मागून आला, अगदी हळू. बाबा, हलू नका. बाबा, आता मागे या. एक पाऊल. अजून एक. तिने माझ्या स्वेटरची पाठ मुठीत धरली होती आणि ओढत होती. मालन रस्ता ओलांडताना अशीच धरायची. अस्वल आता आमच्याकडे बघत होतं. तेवढ्यात ऑ. आमच्या पुढे येऊन उभा राहिला. दोन्ही हात वर करून त्याने अस्वलाला गोराईच्या भाषेत शिव्या द्यायला सुरुवात केली. त्यातल्या काही मला समजल्या. सासऱ्यासमोर देण्यासारख्या नव्हत्या. अस्वल थोडा वेळ ऐकून घेऊन निघून गेलं.

मग ऑ. खाली बसला.  मी उभाच होतो.

अनूने दगडाकडे पाहिलं. दगडावर तुपाचा डाग होता, बाजूला माझे डबे आणि तांब्या. तिने तिथेच बोटांवर काहीतरी मोजलं. म्हणाली, आज नवमी ना. आईचं पान का बाबा. मी हो म्हटलं. ती मटकन बसली आणि रडायला लागली. एवढं रडली की ऑ.लाही काय करावं कळेना. रडता रडता म्हणाली, मला आईला बघायलासुद्धा मिळालं नाही.

ही वेळ होती. याच्यापेक्षा योग्य वेळ येत नसते, हे मलाही समजतं. मी तिच्याजवळ गेलो, वाकलो, आणि म्हटलं की भात जरा फडफडीत झाला होता.

२८ सप्टेंबर, रविवार

काल जंगल खात्याचा माणूस आला होता, ते राहिलं. टोपीवाला, सहा फुटी. अन्न कुणी ठेवलं, कशासाठी, सगळं फॉर्मवर लिहून घेत होता. फॉर्म चांगला आखलेला होता. अनू त्याच्याशी इंग्रजीत बराच वेळ बोलली. मदर एवढा शब्द मला ऐकू आला, तीन-चारदा. मग त्याने टोपी काढून हातात धरली. उकडत असावं.

तो म्हणाला, अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागली की ते परत परत येतं. म्हणून रस्ता बंद, पिंजरा लावणार, सापडलं की लांब उत्तरेला नेऊन सोडणार. म्हणजे बदली. पुन्हा खाली उतरून आलं तर गोळी घालावी लागते, असंही म्हणाला. अनूने हे मला दोनदा समजावून सांगितलं. मी म्हटलं, समजलं.

मी बोर्डांबद्दलचा माझा मुद्दा मांडणार होतो. मांडला नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर नोंद नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. ऑ. रोज संध्याकाळी कुठेतरी फोन करून विचारतो, अस्वल सापडलं का. अजून नाही. मला वाटतं ते माझ्यासाठी विचारतो. त्याने माझ्यासाठी बोंबील मिळवले, फ्रोजन. चांगले होते. मी तसं बोललो नाही, पण दोन वेळा घेतले, त्यावरून माणसाने समजावं.

ठराव: निघण्याआधी, विमानतळावर. तिथे टाइम लिमिट असते, माणूस बोलतोच.

११ ऑक्टोबर, शनिवार. विमानात

अनूने बरोबर दशम्या दिल्या. ऑ.ने वाकून नमस्कार केला, या वेळी बॅग आधीच गेली होती त्यामुळे वळायला काही नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे ठेवला गेला.

आत जायच्या दारापर्यंत अनू आली. काहीतरी ऐकायला थांबल्यासारखी उभी होती. मी म्हटलं, गॅस बंद करून झोपत जा. ती म्हणाली, इथे वीज आहे बाबा. मी म्हटलं, तरी.

मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती तिथेच असती आणि मग परत बोलावं लागलं असतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. मुलुंड

मधुकर पायातल्या चपला काढायच्या आत विचारता झाला. बोललात का, भाऊजी.

मी परिस्थितीचा सर्व बाजूंनी विचार केला. मी तिथे गेलो, तिच्या घरी राहिलो, जावयाच्या हातचं खाल्लं, खांद्यावर हात ठेवला. याचा अर्थ काय होतो. बोलल्यासारखंच आहे. म्हणून म्हटलं, हो, बोललो.

मधुकर खाली बसला. मग रुमालाने डोळे पुसले. म्हणाला, ताईला बरं वाटलं असेल आता. खाली जाऊन पेढे घेऊन आला. मी एक खाल्ला.

२ नोव्हेंबर, रविवार. दिवाळी

सोसायटीच्या फराळाच्या कार्यक्रमात माझं पाच मिनिटांचं भाषण झालं, वीस मिनिटं चाललं. विषय: रॉकी पर्वतातील माझा अस्वलाशी सामना. लोकांना झकास वाटलं. मी अस्वलाच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि मुलीला-जावयाला मागे घेतलं, असं सांगितलं. तपशिलात थोडा फरक आहे, पण सारांश तोच. दुसऱ्या मजल्यावरच्या जयंतीभाईंनी विचारलं की अस्वल तिथे आलं कशाला. मी म्हटलं, जंगल आहे, येतात.

दार उघडून घरात आलो. फराळाची ताटली मालनच्या फोटोसमोर ठेवली. दिवा लावायचा राहिला. उद्या लावू.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ९.२०

आठ वाजता जयंतीभाईंची सून बोलवायला आली. अनूचा फोन, कॅनडाहून. आमच्याकडे फोन नाही, त्यांच्याकडे येतो. मी बनियनवर शर्ट चढवत गेलो. जयंतीभाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि घरातली सगळी माझ्याकडे तोंड करून बसली.

अनू म्हणाली, मामाचं पत्र आलं. त्याने लिहिलंय की बाबांनी तुम्हाला दोघांना घरी बोलावलंय, तर उशीर करू नका. ती म्हणाली, मला तर तुम्ही काही म्हणाला नाहीत. पण मामा खोटं कशाला लिहील. ऑ.ला नाताळची सुट्टी आहे, आज तिकिटं बुक करायची शेवटची संधी आहे. खरं आहे ना बाबा. बोलावलंय ना तुम्ही.

फक्त हो म्हणायचं होतं. दोन शब्दसुद्धा नाहीत. मला हो म्हणायचं होतं, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. सहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि हो म्हटलं तर तिच्याशी बोललो असं मी मधुकरला खोटं सांगितलं होतं हे तिला कळलं असतं, असंही काहीतरी डोक्यात आलं. मी म्हटलं, मधुकरला वाढवून सांगायची सवय आहे.

 लाइन कट झाली की काय म्हणून मी हॅलो म्हटलं. मग ती बरं म्हणाली. मग विचारलं, चहा झाला का तुमचा. हो म्हटलं. झाला नव्हता. तिने सांभाळून राहा म्हटलं आणि ठेवला.

जयंतीभाईंनी विचारलं, सगळं ठीक ना. मी म्हटलं, एकदम.

जिना उतरताना कठडा धरून मधेच बसावं लागलं. मला फार वाईट वाटलं. गेल्या वर्षी नाही वाटलं, डोंगरावर नाही वाटलं, आज वाटलं, यात शंका नाही. वरून कुणीतरी येत होतं म्हणून उठलो.

ठराव: उद्या सकाळी पोस्टातून एरोग्राम आणून अनूला सविस्तर पत्र लिहायचं.

वरची ओळ रद्द. मी जाणार नाही. मला माहीत आहे.